तांबूची बादली

गॅलरीत दोन बादल्या शेजारी शेजारी ठेवलेल्या होत्या. एकीत अकरा गप्पी मासे, दुसरीत एकटा तांबू. मैत्री ब्रश तोंडात तसाच धरून बघत राहिली.

"हे कुणी केलं?"

"मी," रश्मी म्हणाली. "काल दुपारी, तुम्ही सेकंड शिफ्टला गेल्यावर. रात्री उशिरा आलात, म्हणून बोलले नाही. दोन्हींत पिंपातलं शिळं पाणी, मोजून बारा-बारा लिटर. आमच्या कारखान्यात लाइनवर माल रिजेक्ट झाला ना ताई, की आधी वेगवेगळा काढून ठेवतात. मगच दोष कुठल्या लॉटचा ते कळतं. म्हटलं, सकाळी तुम्ही तेवढं पाणी तपासायच्या किटने बघाल."

मैत्रीने चूळ भरली. तिचा निकाल तर कालच देऊन झाला होता.

काल सकाळी टाकीतले सगळे मासे वर येऊन तोंडं उघडत होते. धाकटा भाऊ विक्की दुकानातून निळ्या औषधाची बाटली घेऊन आला, ती मैत्रीने त्याच्या हातातून काढून घेतली. अंगावर पांढरे ठिपके नाहीत, पंख झडलेले नाहीत आणि धाप सगळ्यांना एकाच दिवशी. हा रोग नव्हे, पाणी. तिने तपासलं, माशांच्या घाणीतला अमोनिया निघाला. दोन फुटी टाकीत एवढी गर्दी केल्यावर दुसरं काय होणार? गप्पी दुकानात परत करा.

गप्पी रश्मीचे होते. लग्न झाल्यापासून विक्की दर पगाराला तिच्यासाठी जोडी आणायचा, त्यांची पिल्लंही झाली होती. तांबू मैत्रीचा. विक्कीने आपल्या पहिल्या पगारातून ताईसाठी आणलेला गोल्डफिश. तेव्हा बोटाएवढा होता, आता तळहाताएवढा झाला होता.

आणि तळहाताएवढा गोल्डफिश एकटा अकरा गप्पींहून जास्त घाण करतो. चाकणच्या कंपनीत रोज सांडपाणी तपासणाऱ्या मैत्रीला हे कुणी सांगायला नको होतं. काल ती एवढंच बोलली नव्हती.

"आण किट," ती म्हणाली.

दोन नळ्यांत दोन बादल्यांचं पाणी, डावीकडे गप्पींचं, उजवीकडे तांबूचं. प्रत्येकीत पहिल्या बाटलीचे आठ थेंब, दुसरीचे आठ. लॅबमध्ये ती आधी नळीवर नाव लिहायची, मग नमुना घ्यायची. मार्कर किटच्या डब्यातच होता. तिचा हात तिकडे गेला नाही.

"माशांचे रिपोर्ट आले असतील तर माणसांच्या चहाचंही बघा गं!" आतून आईचा आवाज आला. रश्मी हसत आत गेली.

पाच मिनिटं थांबायचं होतं.

पूर्वी या घरात विक्की सगळं ताईला विचारायचा. गाडी कुठली घेऊ, मुलाखतीला शर्ट कुठला घालू, पावभाजीत बीट घालतात का. आता तो म्हणतो, रश्मीला विचारतो. पलंग कुठे ठेवायचा हेही त्याने रश्मीलाच विचारलं, आणि तेव्हापासून मैत्री बाहेरच्या खोलीत टाकीशेजारी झोपते. हवेच्या पंपाची गुरगुर ऐकत. राहिलं होतं ते पाणी. पाण्यातलं या घरात फक्त तिला कळत होतं.

डावीकडची नळी पिवळी राहिली, फिक्या लिंबू सरबतासारखी. उजवीकडची हिरवट झाली, मग पालवीसारखी, मग गर्द. जितका हिरवा रंग, तितका अमोनिया. तांबू बादलीत वर येऊन आ वासत होता. शेजारच्या बादलीत गप्पी सुळकन इकडून तिकडे जात होते.

प्रयोग चांगला होता. हाताखालच्या पोरीने केला असता तर मैत्रीने चारचौघांत तिचं कौतुक केलं असतं.

तिने दोन्ही नळ्या उचलल्या आणि स्टँडमध्ये जागा बदलून ठेवल्या.

"काय म्हणते लॅब?" विक्की हेल्मेट घेऊन आला. "डांगे चौकातलं दुकान उघडलं असेल आता. कुठली कुणाची?"

"डावीकडची गप्पींची," मैत्री म्हणाली. बादल्याही त्याच क्रमाने होत्या. रिपोर्ट वाचताना येतो तसा तिचा आवाज सपाट आला. "हिरवी. म्हटलं होतं ना मी."

"घ्या! रात्री जेवताना ही मला पटवत होती की दोष तांबूचाच असणार." तो आत वळून ओरडला, "रश्मी, हरलीस!"

रश्मी चहाचा ट्रे घेऊन आली. तिने नळ्यांकडे पाहिलं. मग बादल्यांकडे. तांबूकडे जरा जास्त वेळ. मैत्री ट्रेवरच्या फुलांकडे बघत होती.

"हा तुमचा, ताई. बिनसाखरेचा."

मैत्रीने कप घेतला. रश्मी खाली बसली. एकेक करून तिने अकराही गप्पी जाळीत धरले आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत सोडले. गप्पींच्या बादलीतलंच पाणी वर घातलं, पिशवीत हवा धरली आणि तोंडाला पीळ दिला.

विक्कीने तांबूची बादली उचलली आणि तो टाकीकडे निघाला.

"अहो, ओतू नका," रश्मी म्हणाली. "त्याला जाळीने उचला. ते पाणी टाकीत जाऊ देऊ नका."

"का? ते तर चांगलं निघालं ना?"

रश्मी पिशवीला रबर बँडचे वेढे देत होती. तिने मान वर केली नाही.

"ताईंना विचारा."

विक्की बादली तशीच धरून वळला.

"ताई?"