दुसरं पाकीट

“हे तुमचं आणि हे बायकोचं,” डॉक्टरांनी गोळ्यांची दोन पाकिटं टेबलावर सरकवली.

वेल्डरनं मान वर केली नाही. एरवी वर्कशॉपमध्ये याची टकळी अशी चालायची, की मालक ओरडायचा, “याच्या तोंडालाच टाका मारा रे कुणीतरी!” आज मात्र लघवीची आग, पू आणि परगावच्या कामावर केलेली ती भानगड सांगता सांगता त्याची दातखीळ बसली होती.

“तिला काहीच होत नाहीये, डॉक्टर.”

“बायकांना बऱ्याचदा काही जाणवतच नाही. पण तुमच्याकडून तिला लागण झालेली असू शकते. आतल्या आत राहिली तर गर्भाशयाच्या नळ्या बंद करते. तिला घेऊन या, मी समजावतो.”

“नको नको! मीच देतो.”

घरी बायको दारातच उभी. लग्नाला अजून वर्षही झालं नव्हतं.

“अहो, काय म्हणाले?”

“उष्णता. दिवसभर आगीपुढं असतो ना.”

“तरी सांगत होते, पाणी पीत जा! पण ऐकाल तर शपथ!”

तिनं हसत हसत भलीमोठी बाटली भरून त्याच्या पिशवीत कोंबली. आता हिच्या हातात पाकीट ठेवायचं म्हणजे आपल्याच संसाराला काडी लावायची. त्यानं खूप डोकं खाजवलं. आजार आपला, आपणच तो मुळापासून उपटून टाकला की झालं! मग दुसरं पाकीटही त्यानं स्वतःच संपवलं.

आग थांबली. टकळी पुन्हा सुरू झाली.

वर्षं गेली, पाळणा मात्र हललाच नाही. सासू टोमणे मारायची, तेव्हा वेल्डर मध्ये पडायचा. “आई, तिला एक शब्द बोलायचा नाही!” शेजारणी म्हणायच्या, “नवरा असावा तर असा!” प्रत्येक दवाखान्यात तो तिची पिशवी सांभाळत बसायचा.

शेवटी एका डॉक्टरीणबाईंनी सांगून टाकलं, “दोन्ही नळ्या बंद आहेत. जुना संसर्ग दिसतोय. कधी ओटीपोटात दुखायचं?”

“थोडंफार दुखायचं,” बायको म्हणाली. “मी अंगावर काढलं.”

बाईंनी वेल्डरकडे पाहिलं. “तुम्हाला कधी लघवीला जळजळ, पू, असं काही?”

“नाही,” तो म्हणाला.

बाहेरच्या बाकावर बायको कोसळलीच. “माझंच चुकलं हो. वेळेवर दाखवलं असतं तर तुम्ही बाप झाला असतात. मला माफ कराल ना?”

वेल्डरनं तिच्या डोक्यावर हात ठेवला. बाकावरच्या साऱ्या बायका कौतुकानं बघत राहिल्या.

आणि त्यानं तिला माफ केलं.