थेंब पडला की बाद

छातीएवढ्या उंचीच्या ओतीव पोलादी बॉल व्हॉल्व्हखाली सुपरवायझर घोरपड्यांनी कोरा कागद अंथरला. आत पाण्याचा जबर दाब होता. कागदावर थेंब पडला की व्हॉल्व्ह बाद, हा त्यांचाच नियम. निवृत्तीच्या दिवशीही ही चाचणी त्यांनी हट्टाने मागून घेतली होती. सकाळी हार घालताना कुणी हळहळलं, तर खेकसले होते, "रडायला मी काय सासरी निघालेली पोर आहे?"

व्हॉल्व्हच्या अंगावरून हात फिरवत ते खाली डोकावले. आणि टप्प! कागदावर थेंब.

"बाद!" घोरपडे कडाडले. "जन्मात एक गळका बाहेर जाऊ दिला नाही, आणि आज नाक कापलंत माझं! खोला!"

"साहेब, दाबाचा काटा जागचा हललेला नाही," फिटर बशीर म्हणाला.

"काटा गेला खड्ड्यात! थेंब दिसत नाही?" ते पुन्हा वाकले. दुसरा थेंब त्यांच्याच चष्म्याच्या काचेवर आतून ओघळला.

बशीरनं हात पुसायचं फडकं पुढे केलं.

घोरपड्यांनी डोळे पुसले, नाक शिंकरलं.

"व्हॉल्व्ह पास," ते पुटपुटले. "सुपरवायझर गळका निघाला."