गाळलेली किंकाळी

मध्यंतर होऊन गेलं तरी किंकाळी काही आली नाही. बाबा खुर्चीत चुळबुळ करू लागले. लेकीनं अंधारातच आईच्या तोंडाकडे पाहिलं. आई ढिम्म.

दुपारच्या खेळाला मोजून वीस माणसं होती. या सिनेमाचा पहिला भाग आला तेव्हा म्हणे धट्टीकट्टी माणसंही शेजाऱ्याचा हात धरून बसत. बाबा त्याचे ध्वनिमुद्रक. नायिकेची किंकाळी त्यांना पटेना, म्हणून त्यांनी माइक थेट चौथ्या मजल्यावरच्या आपल्या घरी आणला आणि आईला ओरडायला लावलं. लेक तेव्हा सहा महिन्यांची.

"एका टेकमध्ये काम फत्ते!" पाहुणे आले की बाबांचा हा किस्सा ठरलेला. आई तेवढ्यात काहीतरी काम काढून आत जायची. तो सिनेमा तिनं कधी पाहिला नाही. जात्याच धास्तावलेली बाई. लेकीला तिनं बाबांजवळसुद्धा कधी एकटं सोडलं नाही. नातेवाईक यावरून तिची यथेच्छ टिंगल करत.

झटका आला आणि आईची वाचा गेली, त्याला दोन वर्षं झाली. ओळखीचे आवाज कानावर पडू द्या, डॉक्टर म्हणाले होते. गाणी झाली, मावशीचे फोन झाले. तिचीच किंकाळी तिला ऐकवावी, तर जुन्या सिनेमाची धड प्रत कुठं मिळेना. मग नव्या भागाची जाहिरात आली: 'तीच किंकाळी, पुन्हा!' लेकीनं रजा टाकली आणि चाकांच्या खुर्चीतून आईला इथवर आणलं. याउपर काय करायचं, तिला सुचत नव्हतं.

पडद्यावर भूत आलं. संगणकातून काढलेलं, गुळगुळीत. गोंगाट एवढा की भुतानंच दचकावं. नायिकेनं तोंड उघडलं आणि आतून यंत्राची शिटी वाजावी तसं काहीतरी निघालं. मागे कुणीतरी फिदीफिदी हसलं.

"गाळली! माझी किंकाळी गाळली!" बाबा ताडकन उठले. "गाढवांना एवढे मोठे कान, पण उपयोग शून्य!" काठी आपटत ते व्यवस्थापकाला गाठायला निघून गेले.

लेकीला रडू फुटलं. "आई, चुकलंच माझं. उगाच तुझी फरफट केली गं."

आईचे ओठ हलले. लेक खाली वाकली.

"गाळली ना?" घोगरा, तुटका आवाज आला.

"आई! तू बोललीस!" लेकीचा कानांवर विश्वास बसेना. "थांब, बाबांना बोलावते."

"नको." आईनं तिचं मनगट पकडलं. बराच वेळ ती शब्द जुळवत राहिली. "बरं झालं गाळली. मी ओरडावं म्हणून... यांनी तुला खिडकीबाहेर धरलं होतं."