शर्वरीचं गाऱ्हाणं

तोंडवलीच्या देवळात गाऱ्हाणं घालायचा मान शर्वरीच्या बाबांचा. दर जत्रेला नारळ हातात धरून सगळ्या गावाचं भलं मागून झालं की शेवटी ते आवाज चढवायचे, "आणि माझा चेडू शर्वरी कोणाशी बोलणा नाय, कोणाकडे बघणा नाय, त्याका वाचा दे रे म्हाराजा!"

सगळा गाव एका सुरात म्हणायचा, "व्हय म्हाराजा!" आणि शर्वरी खांबाआड ओढणीचं टोक पिळत राहायची. पुढे कितीतरी दिवस कॉलेजच्या एसटीत पोरं तिला बघून "व्हय म्हाराजा" करायची.

यंदा जत्रेच्या आदल्या संध्याकाळी मंडळाच्या कार्यक्रमात स्टँड-अपसाठी तिनं स्वतःहून नाव दिलं. फोनवर बघून पाठ केलेले विनोद एकामागून एक पडले. कुणी हसेना. पहिल्याच रांगेत बाबा डोळे मिटून, हात जोडून बसले होते आणि त्यांचे ओठ हलत होते. ते बघितलं आणि तिचं डोकंच फिरलं.

तिनं माईक नारळासारखा दोन्ही हातांत धरला.

"बा देवा म्हाराजा! दरवर्षी माका वाचा मागणाऱ्या माझ्या बापसाक यंदा जरा गप रवाची बुद्धी दे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" मांडवात हशा मावेना.



दुसऱ्या दिवशी देवळात गाऱ्हाणं शेवटाला आलं तसे बाबा अडखळले, नारळ धरूनच मागे वळले आणि शर्वरीला हळूच म्हणाले, "गो, तुझा नाव घेव काय?"