जसंच्या तसं

"बाबा, चांगलं घड्याळांचं दुकान होतं तुमचं. मग इथे परक्या देशात मासे साफ करायला का आलात?"

शाळेतल्या मैत्रिणींनी पैज लावली होती. विचारून दाखवच! मग काय, कचेरीतल्या बाकावर बसल्या बसल्या तिने विचारून टाकलं.

आईने डोळे वटारले. "हीच वेळ सापडली का गं तुला?"

बाबा हात चोळत राहिले. कारखान्यातल्या बर्फाने बोटं अशी सुजली होती, की आता चिमट्यात बारीक स्क्रू धरणं जमलंच नसतं. "तिकडे नव्या राज्यकर्त्यांनी मुलींची शाळा सहावीलाच संपवली," ते म्हणाले. "आणि तुझं तोंड काही सहावीत बंद होणाऱ्यातलं नव्हतं. म्हणून आलो, वकीलबाई."

ती खळखळून हसली. वकीलबाई हे नाव तिने कमावलं होतं. आईबाबांना इथली भाषा येईना. दवाखाना असो की घरमालक, बोलायला हीच पुढे. आज तर दोन वर्षं रखडलेल्या आश्रयाच्या अर्जाचा निकाल होता. राहायचं, की परत जायचं.

नंबर पुकारला. आईने तिची कॉलर सरळ केली. "जसंच्या तसं सांग हं. पदरचं काही घालू नकोस."

काचेमागच्या बाई वाईट नव्हत्या. तिला कळावं म्हणून हळूहळू बोलत होत्या.

"आईवडिलांचा अर्ज नामंजूर झालाय. महिन्याभरात त्यांना निघावं लागेल. तुला मात्र राहता येईल. शाळेने तसं लिहून दिलंय, वसतिगृहात जागाही आहे. या कागदावर वडिलांची सही हवी, आजच. नाहीतर तूही त्यांच्याबरोबर."

"पुन्हा अर्ज केला तर?"

"नाही करता येत, बाळ."

तिने आणखी तीन प्रश्न विचारले. तिन्ही वेळा बाईंनी नकारार्थी मान हलवली. तिने कागद पुन्हा एकदा वाचून काढला.

मागून बाबा कुजबुजले, "काय म्हणतात गं? सही कुठे करू?" पेनाचं टोपण काढून तयारच होते. कागदावर काय लिहिलंय ते कळलं असतं, तर त्यांनी क्षणाचाही विचार न करता सही ठोकली असती.

तिने तो कागद काचेखालून परत सरकवला. वळली. आणि शाळेच्या स्टेजवरून बोलावं तशा खणखणीत आवाजात म्हणाली,

"सही नकोय, बाबा. सामान बांधायला घ्या. आपल्या तिघांनाही नाही म्हणालेत."