सपाट रेघ

"मेलेल्या माणसाच्या हृदयाची पट्टी आहे ही," गटप्रमुख पडद्यावरच्या सपाट रेघेकडे बोट दाखवत म्हणाले. "दवाखान्यात असती, तर एव्हाना नातेवाइकांना कळवलं असतं."

भिंग रेघेकडे बघतही नव्हती. भौतिकशास्त्र शिकून आलेली, प्रत्येक गोष्ट जवळून तपासणारी, म्हणून कचेरीनं तिला हे नाव बहाल केलं होतं. तिची नजर काचेपलीकडे होती. पलीकडच्या खोलीत एक अनुवादक बाई संगणकासमोर बसून एका औषधाच्या माहितीपत्रकाचा अनुवाद करत होत्या. काच एकाच बाजूनं पारदर्शक होती. बाईंना हे दोघं दिसत नव्हते.

संगणकावर काम करणाऱ्याचं लक्ष राखणारं साधन बनवायचं होतं. त्याच्या दोन आवृत्त्या तयार होत्या, एक गटप्रमुखांची, एक भिंगची. माणसानं साधनाला हात लावला की रेघ उडी मारायची. काल गटप्रमुखांच्या आवृत्तीवर ती बेडकासारखी उड्या मारत होती. तिच्यात सुरुवातीला तुतारी वाजायची, आणि मधूनमधून टाळ्यांच्या गजरात अक्षरं झळकायची, 'शाब्बास! तुम्ही एकाग्र आहात!'

"झोपलेल्याला हलवून विचारायचं, झोप लागली का म्हणून," भिंग तेव्हा पुटपुटली होती. गटप्रमुखांनी ते ऐकलं होतं.

तिच्या आवृत्तीत तुतारी नव्हती. सुरू करायचं बटणसुद्धा नव्हतं. माणूस कामाला लागला की साधन आपसूक जागं व्हायचं आणि आलेगेले निरोप मागच्या मागे थोपवून धरायचं.

"निदान बटण तरी ठेव," गटप्रमुखांनी परोपरीनं सांगितलं होतं. "पान वाढलंय हे सांगायला नको?"

"भूक लागलेल्याला सांगावं लागत नाही, सर."

शेवटी ठरलं ते असं. आज भिंगची आवृत्ती वापरून बाई खोलीतून बाहेर आल्या, की जे पहिलं वाक्य बोलतील, त्यावरून निवड करायची. एक आवृत्ती बाजारात जाणार, दुसरी कायमची अडगळीत. भिंगचं वर्षभराचं काम एका अनोळखी बाईच्या जिभेवर लटकत होतं.

बाईंना सकाळी एवढंच सांगितलं होतं, की एक चाचणी आहे, तुमचं रोजचं काम घेऊन बसा, बाकी आम्ही बघतो. आणि एक विचारलं होतं, मध्येच कुणाला येऊ द्यायचं? "फक्त सासूबाईंना," त्या म्हणाल्या होत्या. "घरी एकट्या असतात."

आणि नेमका सासूबाईंचाच फोन वाजला.

"हं, आई... चष्मा? फ्रिजवर बघा... नाही? मग डोक्यावर हात लावून बघा... सापडला ना? ठेवते."

"झालं!" गटप्रमुखांनी मांडीवर थाप मारली. "मोडली समाधी. आता चहा आठवेल, मग मैत्रीण आठवेल."

"आता बघा," भिंग म्हणाली.

बाईंनी मान वळवली. त्यांच्या पडद्यावरचं सगळं पान फिकट झालं होतं. फोन वाजला तेव्हा अर्धवट राहिलेलं एकच वाक्य तेवढं ठळक उरलं होतं. बाईंची नजर थेट त्यावर गेली. ओठ पुन्हा हलू लागले, बोटं पुन्हा चालू लागली, आणि पानही हळूच पूर्ववत झालं. बाईंना त्याचा पत्ताही नव्हता.

रेघ सपाटच राहिली.

भिंगनं रोखून धरलेला श्वास सोडला. निरोप अडवणं तिला महिन्याभरात जमलं होतं. उरलेलं सगळं वर्ष या परतीच्या वाटेत गेलं होतं.

चाचणीची वेळ संपली. गटप्रमुख उठून मधल्या दाराकडे निघाले. भिंग त्यांच्या आधी पोचली आणि दाराला पाठ लावून उभी राहिली.

"बाजूला हो. वेळ संपली."

"आपली संपली, सर. त्यांची नाही."

"अगं, मला पुढची बैठक आहे!"

"मग या जाऊन. पण या दारानं नाही."

"मी गटप्रमुख आहे, ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे. म्हणून तर कडी मीच लावते, तुम्हाला कशाला त्रास?"

तिनं कडी लावली. गटप्रमुखांची नजर बाईंच्या खोलीत आवाज पोचवणाऱ्या मायक्रोफोनकडे वळली. भिंगनं त्याचीही वायर उपटून हातात गुंडाळून घेतली. ती जागची हलली नाही. नोकरी गेली तर गेली, पण या बाईंचं वाक्य अर्ध्यात तुटू द्यायचं नाही, एवढं तिनं मनाशी पक्कं केलं.

गटप्रमुख धुसफुसत खुर्चीत बसले. त्यांनी खिशातून फोन काढला, ठेवला, पुन्हा काढला. काचेपलीकडे बाई एकेक ओळ तोलून लिहीत होत्या. एका शब्दापाशी त्या कितीतरी वेळ अडल्या. मग स्वतःशीच हसल्या आणि तो खोडून दुसरा लिहिला.

"साधनाकडे एकदाही बघितलं नाही तिनं," गटप्रमुख म्हणाले. "काय बोलणार आहे ती त्याच्याबद्दल? कप्पाळ?"

भिंगनं हातातल्या वायरचा वेढा आणखी घट्ट केला. 

अखेर पलीकडची खुर्ची करकरली. बाईंनी मान मोकळी केली, आळस दिला. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे लक्ष गेलं आणि त्या दचकल्याच. लगबगीनं कागद गोळा करून दाराकडे निघाल्या. भिंगनं कडी काढली. गटप्रमुख उभे राहिले आणि शर्ट नीट करून घेतला.

दार उघडलं. बाई उंबऱ्यातच ओशाळून थांबल्या.

"माफ करा हं, तुमची वाट बघता बघता मी माझं सगळं काम उरकूनसुद्धा टाकलं, तुमची ती चाचणी आता सुरू करायची का?"