परत आलेली ताटं

दुसऱ्या मजल्यावरून न्याहारीची चार ताटं जशीच्या तशी स्वयंपाकघरात परत आली. काकूंनी एकेकावरचं झाकण उचललं. घासही मोडलेला नव्हता. त्यांनी फळ्यावर खडूनं चार रेघा ओढल्या. काल दोन होत्या.

"डॉक्टरांना बोलवा," त्या म्हणाल्या. "आला म्हणावं यंदाचा फ्लू."

वृद्धाश्रमात ताप आधी काकूंना कळतो, मग थर्मामीटरला, असं सगळे म्हणत आणि काकू ते म्हणू देत. म्हातारं माणूस खोकला लपवील, अंगदुखी लपवील, पण अन्नावरची वासना उडाली की लपत नाही. नऊ नंबरचं ताट तेवढं चाटूनपुसून आलं होतं. नऊ नंबर म्हणजे काकूंची आई.

डॉक्टरीणबाई आल्या त्या हातात यादी घेऊनच.

"काकू, तुमच्यामुळे दोन दिवस आधी कळलं. आजपासून भेटायला येणारे बंद. वरच्या मदतनीस तापानं पडल्यात, तेव्हा दुपारपासून भरवायचं काम तुमच्या बायकांचं. आश्रमातल्या कामाच्या माणसांत लस घेतलेल्या पाचजणी आहेत, त्या पाचही तुमच्या स्वयंपाकघरातल्या, तुम्ही धरून. हे बघा, पाच खुणा."

लसीच्या यादीवर त्या खुणा काकूंनीच केल्या होत्या. नर्स वर सुया घेऊन बसली होती तेव्हा "दंड दुखले तर पातेली काय तुमचा बाप उचलणार?" म्हणून त्यांनी एकीलाही जागचं हलू दिलं नव्हतं.

"वरच्या म्हाताऱ्यांनाही टोचली होती ना?" काकूंनी विचारलं.

"टोचली. पण या वयात ती पुरती लागू पडत नाही. म्हणून तर आजूबाजूच्यांनी घ्यायची. तुमच्यासारखे शहाणे असतात कुठे सगळे?"

ताटं वाढणारी चिमणी भिंतीकडे तोंड करून शिंकली. काकूंनी तिच्याकडे असं बघितलं की दुसरी शिंक आतल्या आत राहिली.

"मिरपूड," काकू डॉक्टरांना म्हणाल्या.

डॉक्टर फोन करायला दाराबाहेर गेल्या तशी चिमणी जवळ सरकली. "काकू, सांगून टाका ना, आपण घेतली नाही म्हणून. अजून वर कुणी गेलेलं नाही."

"आणि माझी इतक्या वर्षांची अब्रू? कढई घासतेस तशी घासून परत देशील? फडकं बांध तोंडाला. सहा, सात, आठ तुझ्या."

"नऊ?"

"नऊ माझी."

जिन्यात काकूंना दोनदा थांबावं लागलं. पहाटेपासून घशात काटे रुतत होते. वाफेनं होतंय, असं त्या सकाळभर स्वतःला सांगत आल्या होत्या. वरच्या पायरीवर तेही सांगायचं सोडून दिलं.

आई उशीला टेकून बसली होती. हात थरथर कापत होते, नजर मात्र शाबूत.

"आज तू? बाकीच्या मेल्या की काय?"

"पडल्यात."

"आणि तोंडाला काय गुंडाळलंयस? मला वाटलं चोर आला."

"नियम आहे."

"आवाज बसलाय तुझा."

"बसेल नाही तर काय. दिवसभर त्या बायकांवर ओरडायचं."

"लस घेतलीस ना? मी घेतली. हूं की चूं केलं नाही."

शेजारच्या खाटेशी डॉक्टर यादी घेऊन उभ्या होत्या. काकूंनी पेजेचा चमचा भरला.

"घेतली."

"शहाणी गं माझी," आई म्हणाली. जन्मात तिनं कुणाला शहाणं म्हटलं नव्हतं. तिनं तोंड उघडलं, चमचा ओठाला लागला आणि ती झटकन मागे झाली. "भाजलं की. फुंकर घाल."

"थांब, निवेल."

"निवेपर्यंत मी राहीन का? एवढीशी होतीस तेव्हा घास न् घास फुंकून भरवलाय तुला. तुला एक फुंकर जड झाली?"

डॉक्टरांनी यादीतून मान वर केली.

काकूंनी फडकं हनुवटीखाली ओढलं, चमचा तोंडाजवळ आणला आणि अगदी हळू, बराच वेळ फुंकर घातली.

आईनं आ केला.